टॉपरचं शेवटचं वर्ष

मित्रांनो, माझ्याजवळ यायचं असेल तर आधी बाह्या कोपरापर्यंत दुमडा, केस घट्ट बांधा, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. मग खुशाल या. मी एक जुना लेथ आहे. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये, खिडकीजवळच्या कोपऱ्यात माझी जागा आहे. लोखंडाचा तुकडा पकडून गरगर फिरवायचा आणि धारदार टूलने त्याला गोल, गुळगुळीत आकार द्यायचा, हे माझं काम. त्या तुकड्याला इथे सगळे ‘जॉब’ म्हणतात.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं आणि माझा लांबलचक पाया तयार झाला. मग एका म्हाताऱ्या फिटरने सतरा दिवस माझ्या पायाचा पृष्ठभाग हाताने खरवडून सपाट केला. निळा रंग लावायचा, पट्टी घासायची, उंचवटा दिसला की तेवढाच खरवडायचा. त्या माणसाचं तोंड मला आठवत नाही, पण आजही माझं टूल सरळ रेषेत चालतं ते त्याच्यामुळे. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले.

कॉलेजात आलो तेव्हा माझा मोठा थाट होता. पाहुणे आले की प्राचार्य त्यांना आधी माझ्यापाशी आणायचे. मुलं माझ्यावर काम करायला रांग लावायची. पुढे संगणकावर चालणारी यंत्रं आली. ती काचेच्या दारामागे बसून आपापलं काम करतात, कोणाचे हातही काळे होत नाहीत. त्यांचा मला राग नाही. पण माझ्यापुढची रांग संपली. कोणी माझ्या हँडलला दप्तर अडकवायचं, कोणी पायावर डबा ठेवून जेवायचं. एकाने तर माझ्या अंगावर स्टिकर चिकटवले. ते निघता निघेनात.

अशा दिवसांत मला एकच माणूस विसरला नाही, तो म्हणजे वर्कशॉपचे मास्तर. अंगात निळा कोट, कोटाच्या खिशात सुती चिंधी, आणि बोलणं अगदी मोजकं. रोज सकाळी आल्यावर ते मला तेल घालायचे. मला चालू करून माझ्या डोक्याशी, जिथे आतले गिअर फिरतात तिथे, बाहेरून उजवा तळवा टेकवायचे आणि थोडा वेळ तसेच उभे राहायचे. लोकांना वाटायचं, मास्तरांचा लेथवर जीव आहे. ते खरंच होतं. पण त्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं. मास्तरांना ऐकू येईनासं झालं होतं.

चार वर्षांपासून हळूहळू कमी होत गेलं. वर्कशॉपमधला माणूस यंत्राचा आवाज ऐकून सगळं ओळखतो. टूल बोथट झालं, जॉब सैल झाला, तेल संपलं, सगळं आवाजात कळतं. कान गेले तसे मास्तर तळव्याने ऐकायला लागले. समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायला लागले. कोणाला पत्ता लागू दिला नाही.

आता टॉपरबद्दल सांगतो.

ती शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी होती. तीन वर्षं सलग वर्गात पहिली आलेली, म्हणून सगळे तिला टॉपरच म्हणायचे. हुशार होती यात शंका नाही. पण तिच्या तोंडी एक वाक्य बसलेलं होतं, ‘मला येतं.’ कोणी काही दाखवायला गेलं की ते वाक्य पुढे यायचं. शंका असली तरी ती विचारायची नाही, पुस्तकात शोधत बसायची. मदत मागितली की आपण कमी पडलो असं लोकांना वाटेल, अशी तिची समजूत होती.

तिच्या जोडीला होती बडबडी. पहिल्या वर्षापासूनची मैत्रीण. नाव सार्थ करणारी. तिचे बाबा शिंपी होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात आखडून गेला. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण हातात कात्री धरता येईना. त्यांचं दुकान बंदच होतं. म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रकल्प काय करायचा, असा प्रश्न आला तेव्हा बडबडी म्हणाली, “मनगटाच्या आणि बोटांच्या व्यायामाचं यंत्र करू. बाबांसाठी.”

टॉपरला कल्पना आवडली. एक मूठ, मुठीला जोडलेला दांडा म्हणजे शाफ्ट, तो दोन बेअरिंगांत फिरणार, मागे स्प्रिंगचा ताण. तिने चार दिवसांत सगळी चित्रं काढली.

“एकदा घरी ये ना. बाबांचा हात बघ,” बडबडी म्हणाली.

“सरासरी मापं पुस्तकात दिलेली आहेत. झालं की दाखवायलाच येईन.”

बडबडीने हे आमंत्रण पुढच्या चार महिन्यांत निदान दहा वेळा दिलं असेल. टॉपरला वेळ झाला नाही.

शाफ्ट बनवायची वेळ आली तेव्हा संगणकावरच्या यंत्रांचा पुढच्या दोन महिन्यांचा प्रत्येक तास कोणी ना कोणी आधीच मागून ठेवलेला होता. त्यामुळे दोघी नाइलाजाने माझ्याकडे आल्या. टॉपरने माझ्याकडे असं बघितलं, की आपण जुने झालो याची मला पुन्हा एकदा जाणीव झाली.

एका दुपारी ती एकटीच कामाला आली. वर्कशॉपमध्ये तिच्याशिवाय फक्त मास्तर होते. तिने लोखंडाची कांब माझ्या चकमध्ये, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्यांमध्ये, बसवली.

“घट्ट बसलीय का? बघू का मी?” मास्तरांनी विचारलं.

“बसलीय. मला येतं, मास्तर.”

मास्तर मान हलवून आपल्या टेबलाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून चित्र बघत बसले. कांब घट्ट बसली नव्हती. जबड्यात तिची जेमतेम दोन बोटं लांबी होती, बाकी सगळी बाहेर, आणि दुसऱ्या टोकाला आधार दिलेला नव्हता. मला ते पहिल्या फेऱ्यालाच कळलं. पण मला तोंड नाही, माझा आवाज हेच माझं तोंड. मी आधी किरकिरलो, मग थडथडायला लागलो. टॉपर घाबरली. तिने बटण दाबलं, पण माझा चक जड आहे, तो लगेच थांबत नाही. कांब डोलायला लागली.

“मास्तर, बाजूला व्हा,” ती ओरडली. एकदा, दोनदा, तीनदा.

मास्तर हलले नाहीत. वर्कशॉपमध्ये दुसरा कसलाही आवाज नव्हता, तरी ते हलले नाहीत.

कांब सुटली, मास्तरांच्या खांद्याशेजारून गेली आणि लोखंडी कपाटावर आदळली. कपाटाच्या दाराला वाटीएवढा खड्डा पडला. कांब घरंगळत मास्तरांच्या पायाशी आली, तेव्हा कुठे त्यांनी मागे वळून पाहिलं.

ते धावत आले. आधी माझा विजेचा मुख्य पुरवठा बंद केला, मग तिला म्हणाले, “हात दाखव.” तिने दोन्ही हात पुढे केले. त्यांनी दहाही बोटं पाहिली. मग कपाटाकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, “तू ओरडली होतीस?”

“तीनदा.”

मास्तर स्टुलावर बसले. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. चार वर्षं जे घरच्यांनाही धड सांगितलं नव्हतं, ते या मुलीला सांगितलं. “निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलंय माझं. कळलं तर मला इथून उचलतील आणि कुठेतरी रजिस्टर सांभाळायला बसवतील. मला दुसरं काही येत नाही गं.”

टॉपर रडत होती. चूक तिचीही होती आणि ते तिला ठाऊक होतं. तरीही ती म्हणाली, “मी कोणाला सांगणार नाही, मास्तर. पण तुम्ही सांगा. आज पहिल्या वर्षाची मुलं इथे असती तर?”

मास्तरांचा चेहरा कठोर झाला. “कळतंय मला. जा तू,” ते म्हणाले.

त्यानंतर आठ दिवस मास्तर तिच्याशी बोलले नाहीत. ती यायची, काम करायची, ते लांब उभे राहून फक्त जॉब नीट पकडलाय की नाही एवढं बघायचे. त्या आठ दिवसांत टॉपरने तीन शाफ्ट वाया घालवले. पहिला बारीक झाला. दुसरा एका टोकाला जाड आणि एका टोकाला बारीक उतरला. तिसऱ्यावर अशा लहरी उठल्या, की हात लावला तर खवल्यासारखं लागावं. पुस्तक माझ्या शेजारीच उघडं होतं. पण हाताला जे कळावं लागतं ते पुस्तकात कुठून असणार?

“अगं, मास्तरांना विचार ना,” बडबडी म्हणाली.

“ते बोलत नाहीत माझ्याशी.”

“तू तरी कुठे बोलतेस?”

टॉपरने हातातला शाफ्ट उगाच चिंधीने पुसला. मग ती उठली आणि मास्तरांच्या टेबलाशी गेली. पाठीमागून नाही, वळसा घालून त्यांच्या समोर उभी राहिली, त्यांना ओठ दिसतील अशी.

“मास्तर, मला येत नाही. शिकवाल?”

मास्तरांनी चष्मा वर केला. “पुन्हा म्हण.”

“ऐकू नाही आलं का?”

“आलं. पण चार वर्षांत तुझ्या तोंडून हे पहिल्यांदाच निघालं. खात्री करून घेतो.”

बडबडी आधी हसली, मग टॉपर, आणि शेवटी मास्तरही. मित्रांनो, वर्कशॉपमध्ये मी हजारो आवाज ऐकले आहेत, पण त्या हसण्यासारखा आवाज फार थोड्या वेळा ऐकला.

मास्तरांनी तिचा तळवा धरून माझ्या डोक्यावर टेकवला, फिरणाऱ्या भागापासून लांब. “डोळे उघडे ठेव. कान विसर. काय लागतंय?”

“थरथर.”

“कशी?”

“बारीक. एकसारखी.”

“आता टूल लावतो. बदल झाला की सांग.”

तीन दिवस हेच चाललं. टूल किती आत घ्यायचं, हँडल किती हलक्या हाताने फिरवायचं, कुठे थांबायचं. चौथ्या दिवशी तिने जो शाफ्ट केला, त्यावर बेअरिंग अंगठ्याने दाबताच सरकलं आणि जागेवर बसलं. ढिलं नाही, घट्ट नाही. माझ्या म्हाताऱ्या अंगातून असं काम पुन्हा निघेल असं मलाच वाटलं नव्हतं.

त्याच दुपारी मास्तरांनी कोट झटकला आणि ते विभागप्रमुख बाईंच्या खोलीत गेले. जाताना टॉपरला म्हणाले, “तू मला ‘सांगा’ म्हणालीस, त्याचा राग आला होता. खरं होतं म्हणून आला.”

बाई कडक होत्या. चार वर्षं लपवलं म्हणून त्यांनी मास्तरांना चांगलंच सुनावलं आणि वर्कशॉप दोन दिवस बंद ठेवलं. मला वाटलं, संपलं सगळं. पण तिसऱ्या दिवशी मास्तर आले ते कानात छोटंसं श्रवणयंत्र घालून. त्यांच्या टेबलासमोर मोठा आरसा लागला, पाठीमागचं दिसावं म्हणून. प्रत्येक यंत्राजवळ एक बटण बसलं, ते दाबलं की छताखाली लाल दिवा लागतो. आणि मुलं असतील तेव्हा वर्कशॉपमध्ये दुसरे एक शिक्षक हजर राहतील, असा नियम झाला. मास्तरांना कोणीही उचललं नाही. बाई त्यांना एवढंच म्हणाल्या, “हे आधी सांगितलं असतंत, तर चार वर्षं आधी झालं असतं.”

यंत्र जोडून तयार झालं. स्प्रिंग, शाफ्ट, बेअरिंग, मूठ, सगळं चित्राबरहुकूम. जमा करायला पाच दिवस उरले होते. बडबडी त्या दिवशी आपल्या बाबांनाच वर्कशॉपमध्ये घेऊन आली. किडकिडीत माणूस, गळ्यात अजूनही मापाची टेप. दुकान बंद असलं तरी ती टेप गळ्यातून गेली नव्हती. मास्तरांनी त्यांना स्वतःचं स्टूल दिलं.

टॉपरने यंत्र त्यांच्यापुढे ठेवलं. काकांनी, म्हणजे बडबडीच्या बाबांनी, डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून मुठीवर ठेवला. बोटं उघडेनात. मूठ जाड होती, पुस्तकातल्या सरासरी हातासाठी केलेली. हात घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदाही तेच. त्यांच्या कपाळावर घाम आला.

“यंत्र छान झालंय,” ते म्हणाले. “फक्त माझ्या हाताचं नाही.”

“पण काका, हे प्रमाणित माप...” टॉपर बोलायला लागली आणि थांबली, कारण नेहमी बोलणारी बडबडी गप्प होती. ती वळून बाहेर निघून गेली.

काका रागावले नाहीत. त्यांनी गळ्यातली टेप काढून टॉपरच्या हातात दिली. “पोरी, पस्तीस वर्षं मापं घेतली मी. दोन माणसांचे खांदे कधी सारखे निघाले नाहीत. एकाच माणसाचे दोन खांदेसुद्धा नाहीत. घे, माप घे.”

टॉपरने माप घेतलं. बोटं किती उघडतात, अंगठा कुठवर जातो, मनगट किती वळतं. प्रत्येक माप तिने काकांना विचारून दोनदा घेतलं आणि वहीत लिहिलं. मग बाहेर जाऊन ती बडबडीशेजारी पायरीवर बसली. दार उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं.

“चुकलं माझं. तू पहिल्या महिन्यापासून बोलावत होतीस.”

“मापाचं राहू दे. बाबा दर वेळी एक कप चहा जास्त करायला लावायचे. मैत्रीण येईल म्हणून.”

मग दोघी आत आल्या आणि कामाला लागल्या.

नवी मूठ लाकडाची करायची ठरलं. कित्येक वर्षांनी माझ्यावर लाकूड चढलं. लोखंडाचा कीस तापलेला आणि टोचरा असतो, लाकडाचा मऊ. त्या वासाने सगळं वर्कशॉप भरून गेलं. मूठ एका टोकाला बारीक ठेवली, म्हणजे आखडलेली बोटं तिच्यावर आपोआप बसतील. हात घसरू नये म्हणून कापडी पट्टा हवा होता. तो काकांनी शिवायला घेतला, डाव्या हाताने. बडबडी कापड धरायची आणि ते सुई चालवायचे. टाके वाकडे होते, पण पक्के होते.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवालातलं चित्र आणि समोरचं यंत्र ताडून पाहिलं. “मूठ वेगळी आहे. अहवालात हे नाही.”

अहवाल आधीच छापून झाला होता. टॉपरला काहीतरी सबब सांगता आली असती. चार चांगली वाक्यं तिच्याकडे नेहमीच तयार असायची.

“आधीची मूठ चुकीची होती, सर,” ती म्हणाली. “ज्यांच्यासाठी करत होतो त्यांना आम्ही विचारलं नव्हतं. माझी मैत्रीण म्हणत होती, मीच ऐकलं नाही.”

गुण कापले गेले. निकाल लागला तेव्हा टॉपर वर्गात तिसरी आली. त्या दिवशी ती वर्कशॉपमध्ये येऊन माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली.

“वाईट वाटतंय?” मास्तरांनी विचारलं.

“हो.”

“वाटू दे. जेवलीस का?”

ती जेवली नव्हती. मास्तरांनी डबा उघडला आणि अर्धा तिच्यापुढे सरकवला. तेवढ्यात बडबडी आली, धापा टाकत. तिच्या हातात पांढऱ्या कापडाचा एक तुकडा होता. त्यावर निळ्या खडूने ओढलेली वीतभर रेघ होती, थरथरलेली, मध्ये दोनदा तुटलेली.

“बाबांनी काढली. आज सकाळी. उजव्या हाताने.”

टॉपरने ते कापड दोन्ही हातांत धरलं आणि ती कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मास्तर, एवढी चांगली रेघ मी चार वर्षांत एकदाही काढली नाही.”

पुढच्या आठवड्यात, कॉलेज सोडायच्या आधी, दोघींनी एक पूर्ण सकाळ मला दिली. चिंध्या आणि रॉकेल घेऊन माझा कानाकोपरा पुसला. वर्षानुवर्षांचे ते स्टिकरसुद्धा नखांनी खरवडून काढले. कुठे, कधी, कोणतं तेल घालायचं याचा तक्ता करून भिंतीवर लावला. काही महिन्यांनी काका आले आणि त्यांनी माझं माप घेतलं. त्यांचं दुकान पुन्हा उघडलं होतं, दिवसातून दोन तास का होईना. त्यांनी मला जाड कापडाचं आच्छादन शिवून दिलं. माझ्या प्रत्येक हँडलपाशी त्याला बरोबर खाच आहे. मला शर्ट शिवून मिळाला, असं मास्तर सगळ्यांना सांगायचे.

मास्तर आता निवृत्त झाले आहेत. सन्मानाने, सगळ्यांसमोर, सगळं ऐकत. टॉपर दूरच्या शहरात नोकरी करते. रुग्णांसाठी साधनं बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि काम सुरू करण्याआधी रुग्णाला भेटायला जाते, असं बडबडीने परवा विभागप्रमुख बाईंना सांगितलं. बडबडी आता इथेच शिकवते. अर्थात, तिचं बोलणं काही कमी झालेलं नाही.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. वाळूच्या साच्यातून आलो, एक दिवस पुन्हा वितळेन, त्याचं मला दुःख नाही. या लोकांनी मला पुरेसं दिलं. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरात, शाळेत, कामाच्या जागी एखादं जुनं यंत्र असेल तर ते पुसा, त्याला तेल द्या, त्याला काम द्या. आणि एखादं माणूस हल्ली कमी बोलत असेल, हाक मारली तर उशिरा वळत असेल, तर चिडू नका. त्याच्या समोर जाऊन बसा आणि विचारा. चारचौघांत नको, एकट्याला विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर बसून राहा.